मोजणीच्या आधीचा नकार

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या विजेत मध्य प्रदेशाचा वाटा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७ आणि गुजरातचा १६. नर्मदा जलविवाद लवादाने डिसेंबर १९७९मध्ये ही वाटणी केली. पाण्यात महाराष्ट्राच्या पदरात फारसं काही पडायचं नव्हतं, अवघं पाव दशलक्ष एकर-फूट. आपल्या राज्याने या धरणात रस घेतला तो विजेसाठी. त्यासाठी आपण दिली ती नर्मदेच्या दक्षिण काठावरची, अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली ३३ गावं. सगळी आदिवासी, भिल्ल आणि पावरा समाजाची.

लवाद १९६९ साली नेमला गेला होता. दहा वर्षं काम चाललं. गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि राजस्थान ही चार राज्यं पक्षकार होती. धरणाची उंची किती, कालवा कोणत्या पातळीवरून निघावा, कुणाला किती पाणी, कुणाला किती वीज, यावर खल झाला. मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी, निमगव्हाण ही गावं मात्र पक्षकार नव्हती. त्यांची बाजू त्यांचं राज्य मांडेल, असं गृहीत धरलेलं होतं आणि त्यांच्या राज्याला २७ टक्के वीज हवी होती. गाव बुडणार आहे हे काठावरच्या माणसांना कळलं ते मोजणीची माणसं येऊन खुणेचे दगड रोवू लागली तेव्हा.

माझं सगळं म्हणणं या क्रमाबद्दल आहे. धरण हवं की नको, हा वाद आपण गेली चाळीस वर्षं घालतो आहोत. पुनर्वसन नीट झालं की नाही, हा वादही तितकाच जुना आहे. पण या दोन्ही वादांच्या आधी एक पायरी असते आणि ती आपण जवळजवळ कधीच चढलेलो नाही. ज्यांची जमीन आहे त्यांना मोजणीच्या आधी विचारायचं आणि ते ‘नाही’ म्हणाले तर ते ऐकायचं. जमिनीचा हक्क या शब्दांना मला तरी दुसरा अर्थ सापडत नाही. जी जमीन मी नाकारू शकत नाही, तिच्यावर माझा हक्क नसतो; तिच्यावर मला फक्त मोबदल्याची रक्कम मागता येते.

पुनर्वसनाच्या चर्चेत आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो सातबाऱ्याचा. नाव लागलेलं असेल तर खातेदार, नसेल तर अतिक्रमणदार. अक्राणी-अक्कलकुवा पट्ट्यातली कितीतरी गावं दप्तरी वनगावं होती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली डोंगरउतारावरची जमीन वनखात्याच्या कागदावर सरकारी जंगल होती. म्हणजे धरण यायच्या कितीतरी आधी, इंग्रजांच्या काळातल्या वनकायद्यांनी, ही माणसं स्वतःच्या शेतात अतिक्रमक ठरलेली होती. धरणाने तो कागद फक्त वापरला. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याचं आपण काय घेतलं, असा तो हिशेब. लवादाने खातेदार कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन आणि सज्ञान मुलाला वेगळं कुटुंब धरण्याची तरतूद केली, तेव्हा ती त्या काळाच्या मानाने उदार होती हे मान्यच करायला हवं. पण ती उदारताही खातेदारापाशी येऊन थांबत होती. नदीतली मासळी, पाणी ओसरल्यावर काठच्या गाळात घेतलेलं पीक, मोहाची फुलं, तेंदूपत्ता, डिंक, चारोळी, घरासाठीचा बांबू आणि साग, यातलं काहीही सातबाऱ्यावर चढत नाही.

पलीकडच्या काठावर, मध्य प्रदेशात, जलसिंधी नावाचं गाव होतं. तिथल्या एका आदिवासी शेतकऱ्याने १९९४मध्ये आपल्या मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवलं. त्याचा आशय असा होता की तुम्ही आम्हाला गरीब समजता, पण आम्ही गरीब नाही. जंगल हाच आमचा सावकार आणि हीच आमची बँक, अडीअडचणीला आम्ही तिच्याकडेच जातो. मला हे पत्र अर्थशास्त्राचा मजकूर म्हणून महत्त्वाचं वाटतं. आपण त्याला भावनेच्या खणात टाकतो आणि पुढे जातो. वास्तविक तो ताळेबंद आहे, फक्त तो मांडणाऱ्याचं दप्तर आपल्या दप्तराहून वेगळं आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी सरदार सरोवराला वाट मोकळी केली. त्या निकालात बहुमताने असं म्हटलं की आदिवासींचं विस्थापन झालं म्हणजे आपोआप त्यांच्या मूलभूत हक्कांचा भंग झाला असं नाही. नव्या जागी त्यांना पाड्यावरच्यापेक्षा जास्त आणि चांगल्या सोयी मिळतील, मुख्य प्रवाहात हळूहळू मिसळल्याने त्यांची प्रगती होईल. न्या. भरुचा यांचं मत वेगळं होतं. पर्यावरणाची मंजुरी पुरेशा अभ्यासाविना दिली गेली, म्हणून काम थांबवा, असं त्यांनी लिहिलं. बहुमताच्या विधानात मला सर्वांत जास्त खटकतं ते त्यातलं ‘चांगलं’ कुणी ठरवायचं याविषयीचं मौन. भारताने १९५८ सालीच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १०७ क्रमांकाचा करार मान्य केला होता. आदिवासी परंपरेने ज्या जमिनीवर राहतात तिच्यावरची त्यांची मालकी, वैयक्तिक किंवा सामूहिक, मान्य करावी असं तो करार सांगतो. म्हणजे कागद नसला तरी वहिवाट हीच मालकी. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२मध्ये याच कराराच्या आधारे या प्रकल्पाचं पुनर्वसन तपासलं होतं, त्यात गंभीर त्रुटी दाखवल्या होत्या आणि बँकेला पाऊल मागे घ्यायला सांगितलं होतं. १९९३च्या मार्चमध्ये भारत सरकारने उरलेल्या कर्जावर पाणी सोडलं. त्याच वर्षी मणिबेलीत घरं बुडाली आणि नोव्हेंबरमध्ये अक्राणीत मोजणीला विरोध करताना पोलिसांच्या गोळीने एक कोवळा आदिवासी मुलगा गेला. मोजणीला विरोध करताना, हे मी मुद्दाम पुन्हा लिहितो आहे.

पुनर्वसनासाठी जमीन कुठून आणायची, हा प्रश्न आला तेव्हा महाराष्ट्राने तळोद्याचं जंगल पुढे केलं. दोन टप्प्यांत सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन त्यासाठी मोकळी करण्यात आली. त्या जंगलात आणि त्याच्या कडेला आधीपासून दुसरे आदिवासी कसत होते. त्यांच्याही नावावर काही नव्हतं. मग डोंगरातून उतरलेला आदिवासी आणि तळोद्याचा आदिवासी एकाच तुकड्यावर समोरासमोर उभे राहिले. हे भांडण त्या दोघांनी ओढवून घेतलेलं नव्हतं. एकाची वहिवाट न मोजता घेतली आणि दुसऱ्याची वहिवाट न मोजता देऊ केली, त्यातून ते उभं राहिलं. आजही त्या वसाहतींमध्ये गेलेल्या सगळ्यांचं वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. काहींना काळी जमीन मिळाली, रस्ता मिळाला, दवाखाना जवळ आला. तिथे जन्मलेल्या मुलांना डोंगरात परत जायचं असेलच असं नाही. पण यातलं बरंचसं मिळालं ते वीस-पंचवीस वर्षं मोर्चे काढून, डोमखेडीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, कोर्टात खेटे घालून. जे हक्काने आधी मिळायला हवं होतं ते भांडून नंतर मिळालं, तर त्याचं श्रेय प्रकल्पाला देता येत नाही.

आदिवासी विजेच्या विरोधात आहेत, हा आरोप मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की बिलगावची गोष्ट सांगायलाच हवी. अक्राणी तालुक्यातलं हे गाव उदई नदीवर आहे. तिथल्या धबधब्यावर गावकऱ्यांनी श्रमदानाने, नर्मदा आंदोलनाच्या आणि केरळमधून आलेल्या तरुण अभियंत्यांच्या मदतीने १५ किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा केला. जानेवारी २००३मध्ये पाड्यापाड्यावर दिवे लागले. कुणाचं घर बुडालं नाही, कुणाची जमीन गेली नाही. बंधारा कुठे घालायचा, तार कुठून न्यायची हे गावाने ठरवलं. तीन वर्षांनी, २००६च्या पावसाळ्यात, तो प्रकल्प पाण्याखाली गेला. सरदार सरोवराची भिंत त्या वर्षी उंचावली होती. १,४५० मेगावॅटच्या धरणाने १५ किलोवॅटचं वीजघर बुडवलं. या एका घटनेत मला सगळा वाद दिसतो. पाणी तेच आणि पाण्यापासून वीज काढण्याचं शास्त्रही तेच. बिलगावच्या विजेला गावाने होकार दिलेला होता आणि सरदार सरोवराच्या विजेबद्दल गावाला कुणी विचारलं नव्हतं.

हा काही नर्मदेवर सुरू झालेला प्रकार नाही. मुंबईच्या विजेसाठी मुळशीला धरण बांधायचं ठरलं तेव्हा मावळ्यांच्या शेतात नोटीस न देताच चाचणीचे खड्डे खणले जाऊ लागले होते. १६ एप्रिल १९२१, रामनवमी, या दिवशी तिथे सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती आणि सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. मुळशीचे मावळे आदिवासी नव्हते, पण एक गोष्ट तिथेही तशीच घडली. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या आणि सावकारांना नुकसानभरपाई हवी होती. कागदावरचा मालक ‘हो’ म्हणत होता, कसणारा ‘नाही’ म्हणत होता. सरकारने कागद ऐकला.

आता महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. गडचिरोलीची गोष्ट आपल्याकडे त्या मानाने कमी सांगितली जाते आणि मला ती जास्त सांगावीशी वाटते.

१९८०च्या गोदावरी लवादानंतर गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपाळपट्टणम अशी दोन मोठी जलविद्युत धरणं पुढे आली. इंद्रावतीच्या दोन्ही तीरांवर माडिया गोंडांची वस्ती आणि मध्य भारतातलं अत्यंत दाट जंगल. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम आहे; हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३पासून तिथे होता. बाबा आमटे, लालश्यामशहा महाराज आणि कितीतरी गावांचे भूमिये आणि गायता, म्हणजे गावांचे पारंपरिक प्रमुख आणि पुजारी, यांनी मिळून ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं केलं. बाबांनी पंतप्रधान इंदिरा गांधींना लिहिलं. त्यांचं १९८४चं उत्तर प्रसिद्ध आहे: विकासप्रकल्पांमुळे आदिवासींना आपल्या मुलखातून उठावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं, असं लिहून त्यांनी पुढे म्हटलं होतं की कधीकधी पर्याय नसतो आणि व्यापक हितासाठी पुढे जावं लागतं. त्या ‘पर्याय नसतो’वर देशातली शेकडो धरणं उभी आहेत. इथे मात्र ती दोन धरणं उभी राहिली नाहीत. पर्याय नव्हता असं त्यानंतर कुणी सिद्ध केलेलं नाही. महाराष्ट्राचे दिवे त्या दोन धरणांवाचून विझलेले नाहीत.

या आंदोलनानंतर जे घडलं ते त्याच्या यशापेक्षाही मोठं आहे. धरण नाकारायला गावं एकत्र बसली होती. बसण्याची ती सवय मोडली नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावात देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी यांनी अभ्यासगट सुरू केले. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घ्यायचे असं ठरवलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा आज अनेकांना पाठ आहे, पण तिची मुळं धरणविरोधाच्या त्या दिवसांत आहेत हे फार थोड्यांना ठाऊक असतं. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला मिळालेल्या हक्कांपैकी एक. एप्रिल २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाच्या हाती आलं. वनखात्याचा परवाना ग्रामसभा देऊ लागली. पुढे जिल्ह्यात हजारावर गावांना असे हक्क मिळाले. ज्या माणसांना १९८४मध्ये व्यापक हितासाठी बाजूला व्हा असं सांगितलं जात होतं, ती आज जंगल राखतात, बांबू आणि तेंदूचा लिलाव करतात, हिशेब भिंतीवर लावतात. धरणाच्या नकाराला आपण नेहमी अडवणूक म्हणतो. गडचिरोलीत त्या नकारातून राज्यकारभार शिकला गेला.

झारखंडमधल्या कोयल-कारो प्रकल्पाचं उदाहरणही याच जातीचं आहे. मुंडा गावांमध्ये पूर्वजांच्या अस्थींवर ठेवलेल्या शिळांना ससनदिरी म्हणतात. ज्या कुळाची ससनदिरी त्या गावात, त्या कुळाची ती जमीन. हाच त्यांचा दस्तऐवज. ७१० मेगावॅटच्या जलविद्युत प्रकल्पासाठी सरकार पुनर्वसनाचं बोलायला आलं तेव्हा तिथल्या जनसंघटनेने अट घातली: आधी दोन गावं बसवून दाखवा, सरना म्हणजे देवराई आणि ससनदिरीसकट. ही अट पुरी करता येण्याजोगी नव्हती आणि तेच त्यांना सांगायचं होतं. आपल्या सातबाऱ्याच्या भाषेत त्यांनी त्यांच्या सातबाऱ्याची किंमत विचारली होती. २ फेब्रुवारी २००१ रोजी तपकराला पोलिसांच्या गोळीबारात आठ माणसं मेली. २००३मध्ये प्रकल्प गुंडाळण्यात आला. वीस-पंचवीस वर्षं आणि आठ जीव, एवढा खर्च करून जे उत्तर मिळालं ते पहिल्याच बैठकीत दिलेलं होतं.

मग कायदा काय म्हणतो? आधीपेक्षा पुष्कळ काही म्हणतो आणि इथे जरा तपशिलात जायला हवं, कारण ‘आता कायदे झालेत’ हे उत्तर फार सहज दिलं जातं. १९९६च्या पेसा कायद्यात, म्हणजे आदिवासी भागांतल्या पंचायतींच्या कायद्यात, अनुसूचित क्षेत्रात (संविधानाने आदिवासींसाठी वेगळ्या नोंदलेल्या भागात) जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करायची आहे. सल्ला विचारायचा, मानायचा की नाही ते विचारणारा ठरवतो. २००६च्या वनहक्क कायद्याने पहिल्यांदा कबूल केलं की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, आणि ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला. २००९मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढून वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभेची संमती आवश्यक केली. त्याच पायावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३मध्ये ओडिशातल्या नियमगिरीचा निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि डोंगरिया कोंधांच्या बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. तो नकार पाळला गेला. खाण असो की धरण, तत्त्व तेच.

२०१३च्या भूसंपादन कायद्यात तर अनुसूचित क्षेत्रासाठी ‘पूर्वसंमती’ असा स्पष्ट शब्द आहे. पण कुणाची? ग्रामसभेची किंवा पंचायतीची किंवा स्वायत्त जिल्हा परिषदेची. या ‘किंवा’मधून पाहिजे तो प्रकल्प निघून जाऊ शकतो, पाड्यावर नाही मिळाली तर तालुक्याला, तिथे नाही तर जिल्ह्याला. शिवाय ही संमती येते अधिसूचनेच्या आधी. तोवर सामंजस्य करार झालेला असतो, सर्वेक्षण झालेलं असतं, प्रकल्प अहवालावर पैसे खर्च झालेले असतात, मंत्र्यांनी मेगावॅटचे आकडे सभेत सांगितलेले असतात. एवढं सगळं झाल्यावर गावाला विचारणं म्हणजे लग्नपत्रिका वाटून झाल्यावर मुलीला पसंती विचारणं. आणि जंगलजमिनीचं तर उलट्या दिशेने चाललं आहे. २०२२च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राची अंतिम मंजुरी आधी आणि वनहक्कांची पूर्तता नंतर राज्याने करायची, असा क्रम लावला. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने या नियमांवर हरकत घेतली होती, हे इथे नोंदवायला हवं.

क्रमाबद्दल मी इतका आग्रह धरतो याचं दुसरंही एक कारण आहे. कागदावर न उतरलेला नकार टिकत नाही. ब्राझीलमधल्या शिंगू नदीवर धरण बांधायचं ठरलं तेव्हा १९८९च्या फेब्रुवारीत अल्तामिरा गावी कायापो आणि इतर मूलनिवासी जमले. तुईरे नावाच्या कायापो तरुणीने वीजकंपनीच्या अभियंत्याच्या गालाला कोयत्याचं पातं टेकवलं. तो फोटो जगभर गेला. जागतिक बँकेचा पैसा थांबला, प्रकल्प मागे पडला. वीस वर्षांनी तो बेलो मोंती या नावाने परत आला आणि २०१९मध्ये ११,२३३ मेगावॅट क्षमतेसह पुरा झाला. नदीच्या ज्या मोठ्या वळणावर जुरुना आणि अरारा लोक मासेमारी करत होते, तिथलं पाणी वळवलं गेलं. आपल्याकडेही इंचमपल्लीचं नाव गोदावरी-कावेरी नदीजोडाच्या आराखड्यातून पुन्हा ऐकू येतं आणि इंद्रावतीवरच्या बोधघाटची फाईल छत्तीसगडमध्ये पुन्हा उघडली आहे. सरकारी दप्तरात प्रकल्प मरत नाहीत, पडून राहतात. गावाची पिढी मात्र बदलते.

जलविद्युत स्वच्छ आहे, कोळसा जाळण्यापेक्षा बरी आहे, हा मुद्दा मी हलका मानत नाही. तापमानवाढ खरी आहे आणि कोळशाच्या खाणीही आदिवासींच्याच जमिनीखाली आहेत. वीज आपल्याला लागणारच. पण स्वच्छ वीज म्हणून ज्या जमिनी आपण मागतो त्या पुन्हा त्याच माणसांच्या असतील, तर कोळशाच्या अन्यायाला आपण फक्त पाण्याचं रूप दिलं. आणि नकार ऐकणं हे विकासाच्या आड येतं, हेही अनुभवाला धरून नाही. सिक्कीममध्ये झोंगूच्या लेपचा तरुणांनी तिस्तेवरच्या प्रकल्पांविरुद्ध २००७मध्ये उपोषण मांडलं. हिमालयाची ही नदी एवढी धरणं सोसणार नाही, असा इशारा ते देत होते. त्यांच्या मुलखातले काही प्रकल्प रद्द झाले, पण वरच्या अंगाला १,२०० मेगावॅटचं तिस्ता-३ उभं राहिलं. ३-४ ऑक्टोबर २०२३च्या रात्री हिमनदीचं सरोवर फुटलं आणि चुंगथांगची ती भिंत वाहून गेली. नदीकाठी राहणाऱ्याला नदी कळते, हे मान्य करायला आपल्याला अजून किती भिंती वाहून जाव्या लागणार आहेत?

आज हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा आहे तो अरुणाचलमध्ये. सियांग नदीवर ११ हजार मेगावॅटहून मोठा प्रकल्प आखला आहे. सीमेपलीकडे चीन त्याच नदीवर अजस्र धरण बांधतो आहे, म्हणून आपल्यालाही हवं, असं त्याचं समर्थन केलं जातं. चीनचा धोका मी खोटा मानत नाही. पण आदी समाजाची गावं कशाला विरोध करत आहेत ते पाहा: धरणाला तर आहेच, पण त्याआधी ‘केवळ’ पूर्व-व्यवहार्यता सर्वेक्षणाला. त्या सर्वेक्षणासाठी सशस्त्र दलं तैनात करण्याची वेळ आली. फक्त मोजतो आहोत, अजून काही ठरलेलं नाही, असं सरकार म्हणतं. मुळशीच्या मावळ्यांना, अक्राणीच्या पावऱ्यांना, तपकराच्या मुंडांना जे कळलं होतं तेच सियांगच्या आदींना कळलं आहे. एकदा मोजलं की ठरतं.

आणि आपल्या घराजवळचं. दिवसा जादा असलेल्या सौरविजेने पाणी वर चढवायचं आणि रात्री ते खाली सोडून वीज करायची, असे उदंचन जलविद्युत प्रकल्प सह्याद्रीत ठिकठिकाणी आखले जात आहेत. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८पासून चालू आहे. आता त्याच्या कितीतरी पट क्षमतेचे करार राज्य सरकारने कंपन्यांशी केले आहेत. या प्रकल्पांना सरदार सरोवरासारखं अफाट बुडीत क्षेत्र नसतं, हे खरं. त्यातले काही कदाचित चांगलेही असतील. पण वरचं तळं आणि खालचं तळं ज्या घाटमाथ्यावर आणि पायथ्याला होणार, तिथे अकोले, शहापूर, इगतपुरीच्या बाजूला महादेव कोळी, ठाकर, कातकरी राहतात. कातकऱ्यांच्या तर घराखालची जागासुद्धा कित्येकदा त्यांच्या नावावर नाही. करार मुंबईत झाले. त्याआधी एकाही पाड्याची सभा बोलावण्याचं बंधन कुठल्याही कायद्याने सरकारवर घातलेलं नाही.

ते बंधन आपलं राज्य स्वतःवर घालून घेऊ शकतं. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीने राज्यपालांना असा अधिकार दिला आहे की एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू करू नये, किंवा फेरबदलासह लागू करावा. महाराष्ट्रात हा अधिकार नुसता पुस्तकात पडलेला नाही. २०२०मध्ये वनहक्क कायद्यात याच मार्गाने बदल करून दावा फेटाळलेल्यांना विभागीय पातळीवर दाद मागण्याची वाट करून दिली गेली. तशीच आणखी एक अधिसूचना काढता येईल. तिच्यात दोन गोष्टी हव्यात. भूसंपादन कायद्यातला तो ‘किंवा’ गाळून संमती ग्रामसभेचीच, पाड्याच्या ग्रामसभेची, असं लिहायचं. आणि ती संमती सामंजस्य करार व सर्वेक्षण यांच्या आधी घ्यायची, पाड्यावर कळेल अशा भाषेत, प्रकल्पाचा नकाशा समोर ठेवून. यासाठी संसदेत जावं लागत नाही. मुंबईत सचिवांनी मसुदा करायचा आणि राज्यपालांनी सही करायची, एवढंच काम आहे. सह्याद्रीतल्या मोजण्या पुऱ्या व्हायच्या आत ते व्हायला हवं.